जोत्यावरच्या खुणा: कृष्णेचा पूर, आमची घरं आणि विम्याचा आकडा



दोन दिवस झाले, रानात वाफसा नाही. टोकणीचं सोयाबीन पोत्यातच आहे. म्हटलं, बसल्या बसल्या एक विषय लिहून काढावा. पिकाचा नाही, घराचा आहे. पण नदीकाठच्या शेतकऱ्याचं घर आणि रान वेगळं कुठं असतंय? जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही एकाच पाण्यात असतात.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. आमच्या जुन्या घराच्या दगडी जोत्यावर, सोप्याच्या डाव्या बाजूला, छिन्नीनं मारलेली एक आडवी रेघ आहे. आज्यानं तरुणपणी पाहिलेल्या पुराची ती खूण. लहानपणी आम्ही तिच्यावर बसून गोट्या खेळायचो. आज्जी म्हणायची, "हितवर आलतं बाबांनो पाणी." आम्ही हसायचो. नदी कुठं, घर कुठं!

जुनी माणसं गाव कुठं वसवायची ते बघा. पांढर म्हणजे गावठाण, ते कायम उंचवट्यावर. नदीलगतची मळी ही कसायची जमीन. गाळ येतो, पीक जोरात येतं, पण तिथं रात्री मुक्काम करायचा नाही. फार तर राखणीची खोप. घराला दगडी जोतं चार-पाच फूट. धान्य, कपडालत्ता, कागदपत्रं माडीवर. खाली जनावरं आणि चूल. पाणी चढायला लागलं की जनावरं सोडायची, माणसं वर. खालच्या घरात नासण्यासारखं फारसं नसायचंच.

नृसिंहवाडीला गेलेल्यांना हे जास्त पटेल. पंचगंगा-कृष्णेच्या संगमावरचं ते दत्ताचं देऊळ दर पावसाळ्यात पाण्यात जातं. पाणी गाभाऱ्यातून, पादुकांवरून वाहतं, दक्षिणद्वार सोहळ्याला माणसं स्नानाला गर्दी करतात. उत्सवमूर्ती आधीच वरच्या बाजूच्या देवळात हलवलेली असते. म्हणजे पाणी अडवायचं नाही, येऊ द्यायचं, जाऊ द्यायचं. मोलाचं ते वर न्यायचं. ही रीत आपल्या डोळ्यांसमोर होती आणि आपण तिला फक्त नमस्कार केला.

मग काय बदललं? साठच्या दशकात वर कोयना धरण झालं. म्हातारी माणसं म्हणायची, आता नदीला वेसण घातली. त्यानंतर लिफ्ट आल्या, ऊस आला, सोसायट्यांचं कर्ज आलं. गावठाणात जागा पुरेना. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या. माणसं हळूहळू खाली उतरली, आधी गोठा, मग गोठ्याशेजारी दोन खोल्या, मग स्लॅबचं घर. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. तीस-चाळीस वर्षं नदी उंबऱ्याला लागली नाही, म्हणून आज्ज्याच्या खुणेला आम्ही 'कोयनेच्या आधीची' म्हणून मोडीत काढलं.

२००५ च्या जुलैअखेर मुंबईत ढगफुटी झाली, ती सगळ्यांच्या ध्यानात आहे. त्याच दिवसांत कृष्णा-वारणा-पंचगंगेचं खोरं बुडालं होतं. सांगलीच्या आयर्विन पुलावर पाण्याची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्या वर्षी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. गावात हाहाकार झाला. पण आमच्या जुन्या घरात पाणी आज्ज्याच्या रेघेच्या जवळजवळ तीन फूट खालीच थांबलं. मी तिथं ऑइलपेंटनं दुसरी रेघ मारली आणि लिहिलं, २००५. गावात सगळ्यांच्या तोंडी एकच, "यापेक्षा मोठा पूर आता काय येत न्हाई."

हीच आमची चूक. आणि ती फक्त आमची नाही, प्रत्येक पिढी ती करते. आपण घर मोजतो ते शेवटच्या पुरानं.

२०१२ ला मी मळ्याच्या बाजूला नवीन घर बांधलं. गवंड्यानं विचारलं, जोतं किती घ्यायचं? मी २००५ च्या रेघेवरून पाण्याच्या नळीनं लेव्हल आणली आणि सांगितलं, हिच्यावर एक फूट घ्या. एक फूट! छातीठोकपणे सांगितलं. आज्ज्याची रेघ त्याच भिंतीवर होती, तिच्याकडं मी बघितलंसुद्धा नाही.

पाटबंधारेवाले नदीला दोन रेषा मारतात, निळी आणि लाल. सोप्या भाषेत, साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या-लालच्या मध्ये अटी घालून. आता '२५ वर्षांत एकदा' ऐकलं की आपल्याला वाटतं, एकदा येऊन गेला म्हणजे २५ वर्षं सुट्टी. तसं नसतं. त्याचा अर्थ, दर वर्षी शंभरात चार वाटा. यंदा आला तरी पुढच्या वर्षी परत चार वाटाच. हिशोब केला तर निळ्या रेषेवरच्या घरात ३० वर्षांत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता शंभरात ७१ निघते. लाल रेषेवरच्या घराची सुद्धा शंभरात २६. एका माणसाच्या संसाराचा हा काळ आहे. पेरणीला आपण यापेक्षा कमी धोक्यावर निर्णय बदलतो.

ऑगस्ट २०१९. रानात कमरेएवढा ऊस, वर धरणक्षेत्रात दिवस-रात्र पाऊस. पाणी चढत होतं आणि आम्ही २००५ ची रेघ बघत थांबलो होतो. गावातली निम्मी माणसं त्याच भरवशावर थांबली. रेघेला पाणी लागलं, रेघ बुडाली, आणि मग एकदम सगळ्यांना बाहेर पडायचं होतं. ८ ऑगस्टला आमच्याच तालुक्यात, ब्रह्मनाळला, कृष्णा-येरळेच्या संगमाजवळ माणसांनी भरलेली बोट उलटली. काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, त्याबद्दल जास्त लिहवत नाही. आयर्विनवर पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. २००५ पेक्षा साधारण साडेतीन फूट जास्त. माझ्या नवीन घरात खिडकीच्या पट्टीला पाणी. जुन्या घरात आज्ज्याच्या रेघेच्या वर चार बोटं.

पाणी आठवडाभर राहिलं. उतरल्यावर काय दिसलं ते पूरग्रस्ताला सांगायची गरज नाही, आणि दुसऱ्याला सांगून कळत नाही. घोट्याच्या वर गाळ. चौदा पोती गहू-ज्वारी आंबलेली, वासानं उभं राहवत नव्हतं. फ्रिज आडवा. प्लायवूडचं कपाट फुगून उकललेलं. बायकोच्या लग्नातला रुखवताचा ट्रंक उघडला तर त्यात पाणी तसंच साठलेलं. आणि त्याच ट्रंकेत घराची कागदं, त्यातच विम्याचा कागद, लगदा झालेला.

होय, माझ्या घराचा विमा होता. त्याची गोष्ट सांगण्यासाठीच आज लिहायला बसलोय.

आधी विमा गावात कसा आला ते बघू. लहानपणी विमा म्हणजे आयुर्विमा, सायकलवर येणारा एजंट. माणूस मेल्यावर पैसे मिळतात, म्हणून आज्जी त्या एजंटला चहा पण द्यायची नाही. १ जानेवारी १९७३ पासून साधारण विमा सरकारी झाला, शंभरावर कंपन्या एकत्र करून चार कंपन्या केल्या. पण त्यांचं काम शहरात, कारखान्यात, गोदामात. खेड्यात विमा आला तो पिकाच्या मागून. १९८५ ला सर्वंकष पीक विमा योजना आली, ती पीककर्जाला जोडलेली. पुढं १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना, २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा. सोसायटीत कर्ज उचललं की हप्ता आपोआप कापला जायचा. त्यामुळं आपल्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. एक, विमा म्हणजे पीकविमा. दोन, विमा आपण काढायचा नसतो, तो कापला जातो. घराचा विमा घेऊन गावात कोणी आलंच नाही, आणि आपणही विचारायला गेलो नाही.

मी २०१२ ला घरासाठी सहा लाख कर्ज काढलं. त्याच्याबरोबर घराचा विमा झाला, सहा लाखांचाच. दरवर्षी खात्यातून हप्ता जायचा. आकडा मात्र तोच, सहा लाख. मी खुश, आपला विमा आहे.

पूर उतरल्यावर अर्ज केला. सर्वेअर आले, भला माणूस. त्यांनी मापं घेतली आणि सांगितलं, असं घर आज बांधायला बारा लाख लागतील. भिंतींचं, फरशीचं, वायरिंगचं, दारांचं नुकसान त्यांनी १ लाख ८० हजार धरलं. मी मनात म्हटलं, चला, एवढं तर मिळेल. मग त्यांनी समजावून सांगितलं. घर बाराचं, विमा सहाचा. म्हणजे निम्म्या घराचाच विमा. मग नुकसानीचेही निम्मेच, ९० हजार. त्यातून दहा हजार वजावट. राहिले ८० हजार. तेही माझ्या हातात नाहीत, कर्जखात्यात जमा, कारण घरावर बोजा. आणि फ्रिज, टीव्ही, गाद्या, धान्य? "ते तुमच्या पॉलिसीत नाही काका. ही फक्त इमारतीची आहे."

घरातल्या सामानाचं माझ्या हिशोबानं दीड लाखाच्या आसपास गेलं होतं. त्याचे शून्य.

मला कोणी फसवलं नाही. सगळं कागदावर लिहिलेलं होतं. सही माझी होती, वाचलं मी नव्हतं. जोतं मी २००५ च्या पुरानं मोजलं, आणि विमा २०१२ च्या कर्जानं. दोन्ही ठिकाणी जुना आकडा. पाणी आलं ते मात्र नवीन.

आणखी एक घोळ मी केला. सर्वेअर यायच्या आधी तीन दिवस आम्ही घर धुऊन काढलं. लेकरं-म्हातारी माणसं, वास, रोगराईची भीती. दुसरं काय करणार? पण धुताना भिंतीवरची पाण्याची रेघ गेली, खराब सामान ट्रॉलीत भरून टाकून दिलं, आणि एक फोटो काढला नाही. अर्धं नुकसान आम्हीच पुसून टाकलं.

कोणी म्हणेल, सरकार देतं की. देतं, नाही म्हणायचं नाही. २०१९ ला ग्रामीण भागात कुटुंबाला दहा हजार सानुग्रह अनुदान मिळालं, अडचणीत त्याचा आधार झाला. पण केंद्राच्या आपत्ती मदतीचा निकष बघा. तेव्हा सपाट भागातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर ९५,१०० रुपये. थोडी पडझड असेल तर ५,२००. २०२२ पासून ते १,२०,००० आणि ६,५०० झाले. हा आधार आहे, भरपाई नाही. बारा लाखाचं घर यातून उभं राहत नाही, आणि त्यासाठी तो निकष केलेलाही नाही.

२०२० सगळं दुरुस्तीत गेलं. या वेळी आम्ही आज्ज्याच्या रीतीनं केलं. स्लॅबवर पत्र्याची एक खोली बांधली, जिना रुंद केला, पोतं खांद्यावर घेऊन चढता यावं एवढा. मीटर आणि बोर्ड पाच फुटांच्या वर, वायरिंग वरून खाली. खाली प्लायवूड नाही. कडाप्प्याचे कप्पे आणि लोखंडी मांडणी. संडासाच्या लाइनला उलटं पाणी येऊ नये म्हणून झडपेचा व्हॉल्व्ह.

एका इंजिनिअर मित्रानं एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. मी दारं सील करून पाणी बाहेरच अडवायच्या विचारात होतो. तो म्हणाला, फूट-दीड फुटापर्यंत वाळूची पोती लावा, ठीक आहे. पण बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं, असं झालं तर बारा फुटी भिंतीवर दीड टनाचा रेटा येतो. साधी विटेची भिंत तो झेलेलच असं नाही. त्यापेक्षा सामान वर न्यायचं, लाइट बंद करायची आणि पाणी आत येऊ द्यायचं. आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की भिंतीवर रेटा राहत नाही. उतरतानाही आतलं पाणी मोटरनं घाईनं उपसायचं नाही, बाहेरच्याबरोबर उतरू द्यायचं. मला वाडीचं देऊळ आठवलं.

विम्याचंही नव्यानं केलं. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं घरासाठी एकच ठरावीक नमुन्याची पॉलिसी आणली, भारत गृह रक्षा. घरांचा असा विमा करणाऱ्या सगळ्या साधारण विमा कंपन्यांनी ती द्यायचीच आहे. त्यात आग, भूकंप, वादळ, पूर, दरड सगळं येतं. मला त्यातलं चार गोष्टींनी पटलं. रक्कम ठरते ती जागेच्या भावावर किंवा कर्जावर नाही, तर घर परत बांधायच्या खर्चावर. माझं आतलं क्षेत्र ८०० चौरस फूट, आमच्याकडचा बांधकामाचा दर तेव्हा १,६०० धरला, झाले १२ लाख ८० हजार. दुसरं, दरवर्षी हा आकडा दहा टक्क्यांनी आपोआप वाढतो. तिसरं, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के सामान, दहा लाखांच्या मर्यादेत, त्यातच धरलेलं असतं. म्हणजे माझं २ लाख ५६ हजारांचं. आणि चौथं, विमा कमी रकमेचा होता म्हणून नुकसानीला कात्री, ती माझ्या बाबतीत लागलेली निम्म्याची कात्री, या पॉलिसीत लागत नाही. मात्र विम्याच्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही, म्हणून आकडा खरा लावायचाच.

जून २०२१ मध्ये पॉलिसी घेतली. बायको म्हणाली, "परत पैसं घाला पाण्यात." २२ जुलैला परत पाऊस लागला. या वेळी रेघेकडं बघत बसलो नाही. संध्याकाळी तीन तासांत आम्ही चौघांनी खालचं घर रिकामं केलं, जनावरं पाहुण्यांच्या गावाला पाठवली. आयर्विनवर पाणी ५४ फुटांच्या पुढं गेलं, २००५ पेक्षा जास्तच. आमच्या घरात घोट्याएवढं. सामान एक चमचा गेलं नाही. पण कुंपणाची भिंत चाळीस फूट आडवी झाली, दोन खोल्यांची फरशी पोकळ झाली, दारं फुगली.

धुवायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो, पाण्याच्या रेघेजवळ टेप धरून. त्याच दिवशी कंपनीला फोन. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत. मोडकं दार सुद्धा सर्वेअर येईपर्यंत अंगणात ठेवलं. ७४ हजार मागितले, ६१ हजार मिळाले. गेट दुरुस्त होण्यासारखं होतं म्हणून नव्या गेटचे दिले नाहीत, तेही बरोबरच. २०१९ ला जास्त नुकसानीत कमी मिळालं, २०२१ ला कमी नुकसानीत जवळजवळ पुरेसं. दैव तेच, नदी तीच. फरक तयारीचा आणि आकड्याचा.

आता घरात नवीन विषय आहे. पोराचं लग्न झालंय, त्याला वेगळं घर बांधायचंय, आमच्याच मळ्यात. परवा नकाशा घेऊन बसला. म्हणाला, "आण्णा, २०१९ च्या खुणेपेक्षा दोन फूट वर जोतं घेऊया की. मग काय भ्या?" मी गप्प बसलो. २०१२ चा मीच समोर बसलोय असं वाटलं. मग म्हटलं, "बाळा, ती खूण नदी जिथवर आली तिथली हाय. तिथंच थांबीन म्हणून तिनं सही केलेली न्हाई."

त्याला राग आला, येणारच. गावठाणाच्या वर रस्त्याकडेला आमचा पाऊण गुंठ्याचा तुकडा आहे, तो लहान आहे, गोठ्यापासून लांब आहे. त्याचंही खरं आहे, पहाटे धारेला तिथून कोण येणार? अजून ठरलेलं नाही. एवढं मात्र ठरवलंय की आधी पाटबंधारे खात्याकडून पूररेषेचा नकाशा बघायचा आणि मगच चुना टाकायचा. मळा निळ्या रेषेत निघाला तर तिथं राखणीची खोपच राहील.

मंडळी, पाऊस तोंडावर आहे. पाणी दारात आल्यावर विमा काढायला जाऊ नका. आजच ट्रंक उघडा आणि कागद बाहेर काढा. त्यावर तीन गोष्टी बघा: रक्कम घर परत बांधायच्या खर्चाएवढी आहे का, सामान धरलंय का, आणि पूर त्यात लिहिलेला आहे का. कर्जाच्या विम्यात फक्त तुमच्या जिवाचा विमा असेल तर घराला त्याचा उपयोग नाही, हेही तपासा. मग कागदाचा फोटो काढून पोरीला, भावाला, दुसऱ्या गावातल्या पाहुण्याला पाठवून ठेवा.

आणि गावात ऐंशीच्या पुढचं कोणी माणूस असेल तर त्याला जुनी खूण विचारून घ्या. आमच्या जोत्यावर आता चार रेघा आहेत. वरची जागा मी मोकळी ठेवलीय.

उद्या उघडीप मिळाली तर टोकणी सुरू करतोय. बियाण्याच्या उगवणीचं पुढच्या वेळी लिहितो.